टंकी फुल

नागपुरात पेट्रोल लिटरने भरायची रीतच नव्हती. पेट्रोल रुपयांनी भरत. "पन्नासचं टाका जी भाऊ," एवढ्यावर पंपावरचं बोलणं संपे. त्यामुळे गाडीच्या टंकीत एकूण किती मावतं, हा आकडा पुस्तिकेत छापलेला असे आणि तिथेच राहत असे.

आमच्या मोठ्या काकांच्या अँबेसेडरची टंकी 54 लिटरची. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा पेट्रोल लिटरला आठ रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे एकदा फुल करायची तर सव्वाचारशेच्या वर गेले. त्यात घरचा महिन्याचा किराणा निघे. आम्ही पोरं हट्ट धरायचो, तर काका म्हणत, "फुल करायले मी का मंत्री आहो?"

मंत्री आम्हाला डिसेंबरात बघायला मिळत. हिवाळी अधिवेशन भरलं की रविभवनापासून विधानभवनापर्यंत पांढऱ्या अँबेसेडरची रांग लागे. त्या सगळ्या टंक्या फुल असत, कारण लॉगबुक लिहिणारे वेगळे आणि बिल भरणारे आपण. गाडी तीच, टंकी तीच. पण काकांच्या गाडीचा काटा तळाशी आणि साहेबांचा माथ्याला. समाजशास्त्राचा एवढा सोपा धडा मला पुढे कॉलेजातही कोणी शिकवला नाही.

गाडी लहान की मोठी हेही मोजपट्टीने ठरत नसे. रामटेकला एका खेपेत किती माणसं जातात, त्यावर ठरे. मुलं माणसांत धरत नसत, ती मांडीवर असत. परतीच्या वाटेवर डिकीत संत्र्याची पेटी मावली तर गाडी मोठी. या हिशोबात अँबेसेडर पहिली. डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळींची पद्मिनी दुसरी. तिचं नाव कंपनीने 1974 मध्ये बदललं तरी धरमपेठेत ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. मग मारुती 800 आली. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली, आणि पुढे ती सीताबर्डीवर दिसू लागली तेव्हा काकांनी तिला प्रदक्षिणा घालून निकाल दिला : "हे तर आमच्या डिकीत बसते."

पण काकांना एक गोष्ट दिसली नाही. मारुतीची टंकी 28 लिटरची. म्हणजे सव्वादोनशे रुपयांत फुल! पगारदार माणूस पहिल्यांदाच पंपावर काच खाली करून, मागच्या स्कूटरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात "फुल करा" म्हणू शकला. मारुतीने मध्यमवर्गाला काय दिलं यावर पुष्कळ लिहून झालंय. हे दोन शब्द मात्र कोणी जमेस धरत नाही.

आता खरी गंमत. एकदा मी कागद घेऊन बसलो. अँबेसेडर लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाणार, टंकी 54. फियाट बारा, टंकी अडतीसच्या आसपास. मारुती सोळा, टंकी 28. गुणाकार केला, तर तिघी जाऊन जाऊन साडेचारशे किलोमीटरच्या आसपासच थांबतात! झिरो माइलवरून तिन्ही गाड्या फुल करून मुंबईच्या जुन्या रस्त्याला सोडा : अमरावती, अकोला, खामगाव करत तिघींना तहान लागणार ती जालन्याच्या आगेमागेच. टंकीचं माप गाडीच्या थाटावरून ठरत नाही, तिच्या भुकेवरून ठरतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "पण आम्ही जालन्याले पोचतो तेव्हा नऊ जण असतो."

टंकीत पेट्रोल असून गाडी उभी, हा प्रकार मात्र खास आमच्या उन्हाळ्याचा. कार्बुरेटरच्या जमान्यात पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. नवतपा सुरू, पारा पंचेचाळिशीच्या पुढे, त्यात व्हेरायटी चौकातला सिग्नल : नळीतल्या पेट्रोलची वाफ होई. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. गाडी दोन आचके देऊन बंद. मग ड्रायव्हर उतरून पंपावर ओला फडका ठेवी आणि सगळं खटलं निंबाच्या सावलीला उभं राही. दर थोड्या वेळाने कोणीतरी जाणकार थांबून विचारी, "पेट्रोल संपलं का जी?" फोर्डच्या मॉडेल टीला पंपच नव्हता, पेट्रोल उतारानेच खाली येई, म्हणून टंकी आटत आली की चढावर ती उलटी चालवत. आमच्याकडे तीही सोय नाही, कारण नागपुरात चढ सेमिनरी हिलचा, आणि तिथे कोणी फिरायलाच जातं.

हल्ली सरकारही गाड्या मोजू लागलंय. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला छोटी ठरवून कर कमी केला, आणि जीएसटीतही तीच रेघ टिकली. म्हणजे चार मीटरच्या आतली, 1089 सीसीची फियाट आज नवी मिळाली तर अठरा टक्क्यांत सुटेल. काकांची अँबेसेडर सव्वाचार मीटरच्या वर आणि 1489 सीसीची, तिला चाळीस टक्के. काका असते तर म्हणाले असते, "पाय, शेवटी सरकारनं मानलं ना मोठी!"

राहता राहिलं पंपावरचं भांडण. "पुस्तिकेत 35 लिटर लिहिलंय, तुम्ही 38 कसं घातलं?" हा वाद आजही दर रविवारी कुठल्या ना कुठल्या पंपावर रंगतो. तर वाचकहो, मीटरवर डोळा ठेवाच, पण तेवढ्यावरून बाह्या सरसावू नका. कंपन्या आकडा छापतात तो खऱ्या टंकीपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी असतो, कारण वर हवेला जागा लागते. पेट्रोल तापलं की फुगतं : जमिनीखालचं गार पेट्रोल चाळीस लिटर घेतलं आणि गाडी उन्हात वीस अंशांनी तापली, तर पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. तेव्हा मे महिन्यात नोझल पहिल्यांदा खटकन बंद पडलं की "अजून थोडं, राउंड फिगर करा" म्हणू नका. पैसे द्या आणि निघा.