तख्ताशेजारचा भाडेकरू

एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात, आढळणाऱ्या मराठी माणसाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला पहाडगंज आणि करोलबागेतला. त्याचे आजोबा नोकरीनिमित्त इकडे आले, मुले नूतन मराठी विद्यालयात शिकली, गणपती बृहन्महाराष्ट्र भवनात बसला, आणि आता त्याच्या घरातले भांडण मराठीत सुरू होऊन पंजाबीत संपते. दुसरा सरकारी क्वार्टरमधला. त्याला घर सरकार देते आणि निवृत्तीनंतर सरकारच काढून घेते, त्यामुळे आपण इथले की तिथले हा प्रश्न त्याला स्वतः सोडवावा लागत नाही. तिसरा नोएडा, गुरुग्राम, इंदिरापुरम इथल्या उंच सोसायट्यांतला. तो कंपनीच्या बदलीवर दोन वर्षांसाठी येतो आणि दोन वर्षे संपली की पुन्हा दोनच वर्षे राहिली आहेत असे सांगतो. सगळा घोळ या तिसऱ्याच्या ठिकाणी असल्यामुळे पुढील विवेचन त्याच्यापुरते आहे.

या प्रकाराचे मुख्य लक्षण असे, की ज्या गावात तो उभा असतो त्या गावाचा तो जाणकार नसतो. नोएडात तो महाराष्ट्रावर बोलतो आणि पुण्यात दिल्लीवर. दोन्ही ठिकाणी श्रोते मान डोलावतात, कारण खातरजमा करायची तर सुमारे चौदाशे किलोमीटर जावे लागेल. झेलम एक्स्प्रेसमध्ये मात्र तो गप्प असतो. तिथे दोन्हीकडचे प्रवासी एकाच डब्यात बसलेले असतात.

दिल्लीशी आपले नाते जुने आहे, याविषयी त्याला शंका नसते. २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत ठरलेल्या गाण्यात दिल्लीच्या तख्ताचा उल्लेख आहे, आणि तो अंशतः आपल्याला उद्देशून आहे असे त्याला वाटते. इतिहासाचा दाखला मात्र त्याच्या समजुतीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. पहिला बाजीराव १७३७ मध्ये तालकटोऱ्यापर्यंत आला आणि थोड्याच दिवसांत परत फिरला. महादजी शिंद्यांनी बादशहालाच हाताशी धरून दिल्लीवर वचक बसवला. दीर्घ मुक्कामाची कला मराठ्यांमध्ये त्यांना साधली. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजजवळ इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली हातची गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. म्हणजे हा माणूस टू बीएचके शोधत ज्या परिसरात फिरतो, त्याच परिसरात त्याच्या पूर्वजांनी दिल्ली गमावली. हे त्याला ठाऊक नसते. पराभव म्हटला की त्याला पानिपत आठवते, आणि पाहुणे आले की तो गाडी काढून त्यांना शंभरेक किलोमीटरवरच्या तिथल्या काला अंब स्मारकाकडे घेऊन जातो. स्वतःच्या सेक्टरशेजारचा पराभव तसाच राहतो. गोल्फ कोर्सचे सभासदत्व महाग असते, हेही एक कारण आहे.

घर मिळवण्याची सुरुवात प्रॉपर्टी डीलरपासून होते. हा गृहस्थ पहिल्या फोनला ‘सरजी’ म्हणतो, तिसऱ्याला ‘भाईसाब’, आणि दलालीची रक्कम मिळाल्यावर फोन उचलत नाही. घर दाखवताना तो सुपर एरिया सांगतो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा वाटाही धरलेला असतो, त्यामुळे कागदावर पंधराशे चौरस फुटांच्या असलेल्या घरात पुण्याहून आणलेले कपाट मावत नाही. नंतर घरमालक मुलाखत घेतो. प्रश्न ठरलेले असतात : नोकरी कुठे, माणसे किती, मांसाहार आहे का. ‘महाराष्ट्र से हैं’ हे उत्तर दिल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरते, कारण मराठी भाडेकरू भाडे वेळेवर देतो आणि आवाज वाढवत नाही अशी त्या बाजारात ख्याती आहे. या ख्यातीचा अभिमान बाळगावा की राग धरावा, हे त्याचे अजून ठरायचे आहे. करार अकरा महिन्यांचा होतो, कारण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीचा खर्च कोणालाच नको असतो. त्यामुळे त्याचे ‘दोन वर्षांसाठी’ हे अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांनी वाढत जाते.

घर लावणे हे काम तो पूर्ण करत नाही. देव्हारा, गॅस आणि वायफाय हे पहिल्या संध्याकाळी लागते. आरओ दुसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशीच्या चहावर पांढरी साय दिसते आणि ती दुधाची नसते. त्यानंतर वेग मंदावतो. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, एक तर मालक डिपॉझिटमधून कापेल आणि दुसरे म्हणजे ‘आपण काय इथे कायमचे आहोत?’ त्यामुळे लग्नातला फोटो सोफ्यामागे भिंतीला टेकून उभा राहतो. ‘स्वयंपाकघर – महत्त्वाचे’ असे लिहिलेला एक खोका उघडला जात नाही आणि पुढच्या घरातही तसाच जातो. बाल्कनीत तुळस लावली जाते. ती मे महिन्यात लूने वाळते, पुन्हा लावली तर जानेवारीच्या धुक्यात काळी पडते. तिसऱ्या वर्षी तिची जागा प्लास्टिकचे तोरण घेते. गोडा मसाला, कोकम आणि मेतकूट पाहुण्यांच्या सामानातून येते. आयएनए मार्केटमध्ये बरेच काही मिळते असे त्याला अनेकांनी सांगितलेले असते, पण तिथे मिळाले तर पाहुण्यांना आणायला काय सांगायचे, हा प्रश्न उभा राहतो.

राजकारण हा त्याचा हुकमी विषय. संसद भवन त्याच्या घरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, आणि एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाकडे आतली बातमी असायलाच हवी असे साताऱ्याच्या भावाला वाटते. बातमीचा प्रवास पुढीलप्रमाणे होतो. मुंबईच्या दैनिकाचा दिल्लीतला वार्ताहर ती लिहून मुंबईला पाठवतो. मुंबईत ती छापली जाते. सकाळी सात वाजता ई-पेपरमधून ती नोएडाच्या चौदाव्या मजल्यावर येते. साडेसातला तिथून साताऱ्याला फोन जातो : ‘इथे वेगळंच वातावरण आहे.’ भावाने तोच अंक वाचलेला असतो, पण फोन दिल्लीचा असल्यामुळे बातमीला वजन येते.

त्याचे दोन विषय ठरलेले आहेत. पहिला, मराठी माणूस पंतप्रधान का झाला नाही. यावर तो चिंतामणराव देशमुखांपासून सुरुवात करतो, १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आलेल्या यशवंतराव चव्हाणांवर बराच वेळ थांबतो, आणि शेवटी दोष मराठी माणसाच्या सरळपणावर ठेवतो. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या होत्या, याची कोणी आठवण दिली तर ‘ते वेगळं’ असे म्हणतो. दुसरा विषय दिल्लीची विधानसभा. तिच्या ७० जागांपैकी कुठे काय होणार हे तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये सांगतो. तो स्वतः उत्तर प्रदेशात राहतो, त्याचे मतदान कोथरुडात आहे, आणि मतदानाच्या दिवशी कोथरुडला जाणे रजेअभावी जमत नाही. मताचा हक्क बजावण्याची संधी अशी हुकत असल्यामुळे मत देण्याची त्याची सगळी ऊर्जा बोलण्यात उतरते.

संगीताबाबत तो अधिक हळवा आहे. दिल्लीतले गाणे आपणच आणले, ही त्याची धारणा पूर्णपणे चुकीची म्हणता येत नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये सुरू करणारे विनयचंद्र मौद्गल्य हे पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांच्याकडे शिकलेले. दरवर्षी विष्णू दिगंबर जयंतीचा समारोह कमानी सभागृहात होतो. कमानी कोपर्निकस मार्गावर आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही त्याच मार्गावर आहे. ख्यालानंतर बाहेर पडून कोणीतरी थाळीचा विषय काढतो आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या सदनातले जेवण बरे की जुन्यातले, यावर चर्चा रंगते. गायकाने मध्यलय घाईने आटोपली की नाही, हा मुद्दा तोवर मागे पडलेला असतो.

मैफलीत बसल्यावर तो शेजाऱ्याला सांगतो, की खरा श्रोता पुण्याचा. सवाई गंधर्वला माणसे स्वेटर घालून रात्र रात्र बसायची. डिसेंबरात पुण्याला गेला की तिथल्यांना सांगतो, की सवाईत आता निम्मी गर्दी खाण्याच्या स्टॉलवर असते. शांतपणे गाणे ऐकावे ते दिल्लीच्या नेहरू पार्कात. दोन्ही विधानांत तथ्य आहे. ती फक्त त्या-त्या गावाबाहेर केली जातात.

त्याच्या कानाची खरी परीक्षा जागरात होते. सोसायटीच्या मागच्या मैदानात मंडप पडतो, देवीच्या मूर्तीला दिव्यांची माळ लागते आणि रात्री दहानंतर भजने सुरू होतात. पहिल्याच भजनाचे सूर भैरवीचे निघतात. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट, हा त्याच्यावरचा पक्का संस्कार; तो समाधानाने कूस बदलतो. जागराच्या परंपरेत असा नियम नाही. पहाटे पाचपर्यंत भैरवीच चालू राहते. सकाळी सोसायटीच्या तक्रारवहीत नोंद होते. इतर रहिवासी आवाज आणि वेळ लिहितात. याच्या तक्रारीत रागाचेही नाव असते. कार्यालयाचा कर्मचारी तो रकाना कोरा ठेवून पुढे पाठवतो.

सिनेमात त्याची भूमिका दुहेरी आहे. मराठी चित्रपटाचा तो पाठीराखा आहे. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि ‘श्वास’ ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला, ही दोन उदाहरणे त्याच्या तोंडी असतात. देशातले पहिले मल्टिप्लेक्स १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेतमध्येच सुरू झाले, हेही तो सांगतो. अडचण पुढे आहे. नवा मराठी चित्रपट लागला की सगळ्या एनसीआरमध्ये त्याचे मोजके खेळ असतात. ते नोएडातल्या माणसासाठी गुरुग्रामला आणि गुरुग्राममधल्यासाठी नोएडाला असतात. व्हॉट्सॲप समूहावर ‘आपण नाही गेलो तर कोण जाणार?’ असा संदेश सर्वांत आधी त्याचाच जातो. त्याखाली बत्तीस अंगठे उमटतात. सभागृहात पाच माणसे असतात आणि त्यांत तो नसतो. तीन महिन्यांनी चित्रपट ओटीटीवर आला की तो घरी बसून पाहतो आणि हा मोठ्या पडद्यावरच बघायला हवा, असे मत देतो.

मराठ्यांवरच्या हिंदी चित्रपटांनी त्याचे कार्यालयातले स्थान बदलले. ‘बाजीराव मस्तानी’, ‘तान्हाजी’, ‘छावा’ यांपैकी एखादा लागला की एरवी एक्सेल शीटपुरती ओळख ठेवणारे सहकारी डबा घेऊन त्याच्या टेबलाशी येतात आणि पुढे काय झाले ते विचारतात. आदल्या रात्री तो वाचन करतो. ‘पानिपत’च्या वेळी मात्र पेच पडला. २०१९ मध्ये आलेल्या त्या चित्रपटातील भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली. भरतपूर आता एनसीआरमध्येच मोडते, आणि घरमालक जाट असण्याची शक्यता नेहमीच असते. सूरजमल लढाईआधी बाजूला झाला हे खरे, आणि पानिपतानंतर वाताहत झालेल्या मराठ्यांना त्याने आसरा दिला हेही खरे. यांतले कोणते सत्य आधी सांगायचे, ते कराराच्या तारखेवर अवलंबून असते. नूतनीकरणाचा महिना जवळ आला असेल, तर सूरजमलाचे सगळेच म्हणणे त्याला पटते.

काही वर्षांनी तो स्वतःचा फ्लॅट घेतो. ताबा उशिरा मिळतो, हप्ता वेळेवर जातो. ‘गुंतवणूक म्हणून घेतलाय’ असे तो पुण्याला कळवतो. फोटो अखेर भिंतीवर लागतो, खोका मात्र तसाच राहतो. मुलगी कथक शिकते आणि आजीशी बोलताना मराठी वाक्य ‘है ना’ने संपवते. मोदकांच्या दिवशी शेजारची आंटी हक्काने अकरा मागते. तरीही आपण इथे तात्पुरते आहोत हे त्याचे मत ठाम असते, त्यामुळे तो स्थिरावला की नाही हे त्याला विचारून कळत नाही.

त्यासाठी खात्रीची कसोटी नोव्हेंबरात घेता येते. पुण्याचा पाहुणा सकाळी बाल्कनीत येतो, समोरची इमारत दिसत नाही म्हणून घाबरतो आणि या हवेत माणसे राहतात कशी, असे विचारतो. इथे यजमानाने दिल्लीची बाजू घेतली, हे धुके आहे असे सांगितले, फोनवर आकडा पाहून ‘आज तर दोनशे ऐंशीच आहे, चला पानिपतला’ असे म्हटले, की निकाल लागला. सरकारी पट्टीवर २८० हा आकडा ‘खराब’ या सदरात मोडतो. ज्याला तो मोकळी हवा वाटतो, तो माणूस दिल्लीकर झाला. त्याचे मतदान खुशाल कोथरुडात असो.