अण्णांची साबणवही

अण्णांना गोष्ट बिघडून गेल्यावर गाठावं. त्याआधी त्यांच्याकडून काही कळण्याची शक्यता नसते. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत कुणाचा कुकर फुटो, कुणाच्या गच्चीला गळती लागो. अण्णा दुसऱ्या दिवशी येतात, चहा घेतात आणि हे असंच का होणार होतं ते इतकं बिनचूक समजावतात की ज्याचं नुकसान झालंय तोही माना डोलावतो. पण दुसऱ्यांच्या घरी रोज रोज काही बिघडत नाही. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णांच्या या विद्येला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा त्यांनी घरच्या घरी बिघाडाची कायमची सोय केली. ते साबण करू लागले. साधासुधा नव्हे. दोन-तीन रंगांच्या लाटा एकमेकींत फिरवलेला, कापला की प्रत्येक वडीवर निराळी नक्षी निघणारा.

त्यासाठी एक वही आहे. तारीख, तेल, कॉस्टिक, पाणी, रंग, वास असे रकाने अण्णांनी पट्टीनं आखलेत. सगळ्यात रुंद रकाना शेवटचा, ‘शेरा’. साबण केवळ या रकान्यासाठी केला जातो, असं काकूंचं मत आहे.

अण्णांच्या हिशेबात मात्र खोट काढता येत नाही. खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५००, एरंडेल १००. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक सोडा लागतो ते कोष्टकात पाहायचं, बेरीज करायची आणि त्यातून पाच टक्के वजा करायचे. राहतात १४६ ग्रॅम. हे पाच टक्के कमी टाकायचे ते थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहावं म्हणून. म्हणजे साबण कातडीला झोंबत नाही. अख्खी नोकरी संध्याकाळची रोकड पैशापैशानं जुळवण्यात गेलेल्या माणसाला जाणूनबुजून खातं न जुळतं ठेवणं किती जड जात असेल! पहिल्या वेळी अण्णांना रात्रभर झोप नव्हती म्हणे.

सांगलीचा माणूस साबणाला रंग द्यायला निघाला तर हळदीपासूनच सुरुवात करणार. पांढऱ्यात पिवळी लाट काढायची, असा बेत होता. हळद पडली मात्र आणि सगळं लालभडक झालं. अण्णा क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा प्रकाश पसरला.

“अगं, होणारच लाल! कॉस्टिक म्हणजे अल्कली, आणि अल्कलीत हळद लाल होते. शाळेत हळदीचे कागद करायचो की आम्ही.”

“मग आधी नाही का आठवलं?”

“आधी लाल कुठं झालं होतं?”

अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान या उत्तरात आहे. पुढं बीटाच्या रसाचा गुलाबी रंग जाऊन मातकट झाला, जास्वंदीनंही तोच रंग दाखवला. व्हॅनिलाचा वास घातलेला पांढराशुभ्र साबण महिन्याभरात चहाच्या डागासारखा तपकिरी पडला. दर वेळी कारण अण्णांना पाठ होतं आणि दर वेळी ते नंतरच ओठांवर आलं.

या कामात त्यांचा एक गुरूही आहे, फ्रान्समधला मिशेल शेव्रल. तेल-चरबीचा साबण होताना नेमकं काय घडतं ते या गृहस्थानं उलगडलं आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. नंतर तो गालिचे-पडदे विणणाऱ्या गोब्लँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचं रूप कसं बदलतात, यावर त्याचा दुसरा ग्रंथ १८३९ चा. साबण आणि रंग दोन्ही एकाच डोक्यात, म्हणून अण्णा त्याचं नाव कानाला हात लावून घेतात. निळी लाट राखाडी उमटली तर “ती निळीच आहे, शेजारच्या रंगामुळं तुम्हाला तशी दिसते” असं शेव्रलच्या दाखल्यानिशी सांगतात.

“एकशे दोन वर्षं जगला तो,” अण्णा एकदा म्हणाले, “साबणाच्या नादानं!”

“आणि त्याची बायको?” काकूंनी विचारलं. अण्णांनी विषय बदलला.

साबण ओतायच्या दिवशी अण्णा बघण्यासारखे असतात. अंगात रेनकोट, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर नातवाचा पोहण्याचा चष्मा. जागा मागच्या अंगणात. एकदा कॉस्टिकचं पाणी काकूंच्या जर्मनच्या पातेल्यात कालवलं, ते फसफसून पातेलं काळंठिक्कर पडलं आणि अण्णा “हा हायड्रोजन बरं का!” म्हणून आनंदानं सांगू लागले, तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांना बंद आहे. बाकी कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, हा नियम ते कसोशीनं पाळतात. आधी माहीत असलेली आणि आधीच पाळलेली अशी त्यांची ही एकच गोष्ट.

लवंगेच्या तेलाचा दिवस कॉलनी विसरणार नाही. नक्षी हवी तर मिश्रण पातळ असताना ओतावं लागतं. ब्लेंडर उचलल्यावर पडणारी धार वर क्षणभर दिसावी आणि विरावी, इतपतच. अण्णांनी तो क्षण बरोबर साधला. तीन भांड्यांत पांढरा, काळा आणि निळा असे रंग तयार झाले. नक्षी ओढायला कपाटातला तारेचा हँगर वाकवून ठेवला होता. त्यावरचा काकूंचा शालू पलंगावर पडला होता. आम्ही पाच-सहा जण खुर्च्या टाकून बसलो होतो. अण्णांनी पांढऱ्या भांड्यात लवंगेचं तेल सोडलं आणि ढवळायला घेतलं. दोन वेढे नीट गेले, तिसरा अडला. चौथ्याला चमच्याबरोबर भांडंच फिरू लागलं. अण्णांनी हात सोडला. चमचा सरळ उभा. त्यांनी चमचा उचलला तर भांडं वर आलं. काळा आणि निळा बाजूला पातळच्या पातळ, वाट बघत.

“थापा, अण्णा, थापा!” कुणीतरी ओरडलं. अण्णांनी थापलं. मग चष्मा कपाळावर सरकवून ते आमच्याकडं वळले. “युजेनॉल! लवंगेत युजेनॉल असतं. साबण धरायचा वेग त्यानं भलताच वाढतो. हे तर कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर आहे.” शेऱ्याचा रकाना त्या दिवशी मागच्या पानापर्यंत गेला.

दिवाळीला कॉलनीत घरटी एक वडी द्यायची, अशी अण्णांची प्रथा. साबण चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकावा लागतो, आणि नरकचतुर्दशीपासून सहा आठवडे मागं मोजलं की नेमका पितृपक्ष लागतो. “त्या पंधरवड्यात नवं काही करू नये” हे काकूंचं म्हणणं, “साबणाला पितर कसले?” हे अण्णांचं. एका वर्षी सगळ्या वड्यांवर पांढरी भुकटी धरली. काकू म्हणाल्या, बघा. अण्णा म्हणाले, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची आणि उरल्या कॉस्टिकची गाठ पडून धुण्याचा सोडा झालाय, वाफ दिली की जातो. वाफ द्यायला त्यांनी मोदकपात्र घेतलं. भुकटी गेली खरी; मात्र पुढच्या संकष्टीचे मोदक लॅव्हेंडरचे झाले.

वडी देण्याआधी अण्णा ती जिभेला लावून बघतात. चटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे, ती वडी बाद. सकाळच्या उन्हात गॅलरीत उभं राहून एकेक वडी चाटणारे अण्णा बघून नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी काकूंकडं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती. पण एक कबूल करायला हवं. मातकट, पोपडे धरलेल्या, वाकड्या नक्षीच्या या वड्यांना फेस झकास येतो. कॉलनीत दुसरा साबण आताशा फारसा कुणी आणत नाही.

आणि मग गेल्या वर्षी तो अनर्थ झाला. अण्णांनी पांढऱ्या, निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या धारा आडव्या ओतल्या, काकूंच्या विणायच्या सुया पट्टीला बांधून त्यांची फणी ओढली. मोराचा पिसारा उमटला. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर भेग नाही, भुकटी नाही, रंग जागच्या जागी. काकूसुद्धा म्हणून गेल्या, “अहो, सुरेख झालाय.”

अण्णांनी वही उघडली, शेऱ्यावर पेन टेकवलं आणि वही मिटली. त्यांचं जेवणात लक्ष लागेना. भिंग घेऊन ते वड्या तपासत होते. “काय ओ अण्णा, फक्कड जमलाय की,” कुणी म्हटलं तर “हो, जमला खरा” म्हणून आत जात. का जमला, ते त्यांना सांगता येत नव्हतं. जमण्याला कारणं नसतात, ती फक्त बिघडण्याला असतात, असा त्यांचा अनुभव.

आठवड्यानं त्यांनी दूध आणि मध आणलं. मधानं साबण तापतो, झाकू नका, असं त्यांचा नातूसुद्धा म्हणाला. “बघू,” म्हणून अण्णांनी साच्यावर घोंगडी घातली, वर एक रग घातला. रात्री दहाला कॉलनीत दारं ठोठावल्याचा आवाज आला. बाहेर अण्णा, रेनकोट उलटा, चेहरा फुललेला.

“या, लवकर या! मधोमध फाटून साच्याबाहेर आलाय, ज्वालामुखी! मधातली साखर, दुधातली साखर आणि वरून माझा रग. हे असंच होणार होतं!”

मागून काकूंचा आवाज आला, “शेऱ्यात हेही लिहा, फरशी कोण पुसणार ते.”