हेलियमचा साहेब नक्की कुठला?

"वहिनी, या जरा गडग्याकडे. कढीपत्ता घ्या, नि एक ऐकून जा."

"बोला काकू. भात आत्ताच टाकलाय."

"आमचा नातू शाळेत भाषण ठोकून आला. म्हणे, 1868 साली लॉकियरसाहेबानं आपल्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला!"

"मग? दर 18 ऑगस्टला किल्ल्यावर कार्यक्रम होतो की."

"होऊ दे हो. पण 1868च्या त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर होता विलायतेत. विजयदुर्गावर आला तो 1898च्या जानेवारीत, दुसऱ्याच ग्रहणाला. उगाच नाही मी जन्मभर विज्ञान शिकवलं! 1868ला हिंदुस्थानात आला होता तो जान्सेन, पॅरिसचा खगोलशास्त्रज्ञ. उतरला गुंटूरला, एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी."

"म्हणजे हेलियम त्याचा?"

"तुमचं आपलं हेलियमच! त्याची करामत निराळी. खग्रासात सूर्याच्या कडेला लाल ज्वाळा दिसतात ना, त्यांचा उजेड त्यानं वर्णपटदर्शकातून पाहिला. बघतो तर तापलेला हायड्रोजन! आभाळाचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो, ज्वाळेचा मात्र मोजक्या रेघांत एकवटतो. त्या इतक्या लख्ख दिसल्या, की याला वाटलं, ग्रहण हवंच कशाला? त्या दिवशी ढगांनी घोळ घातला. दुसऱ्या दिवशी, 19 तारखेला, भर उन्हात यंत्राची फट सूर्याच्या कडेवर धरली, नि रेघा हजर!"

"अगोबाई! ग्रहणाशिवाय?"

"ग्रहणाशिवाय! तीच युक्ती लॉकियरनं ऑक्टोबरात इंग्लंडात बसून साधली. दोघांची खबर पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी. फ्रान्सनं मग एकाच पदकावर दोघांचे चेहरे काढले. आपल्याकडे बांधावरून कोर्ट चढले असते!"

"नि ते हेलियम?"

"ज्वाळांच्या त्या रेघांत एक पिवळी होती. ती सोडियमची नव्हे, नव्याच मूलद्रव्याची, हे लॉकियरनं ताडलं. तेच हेलियम. पृथ्वीवर तो वायू रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागला थेट 1895ला."

"पण तुमचा जान्सेन भलताच हौशी दिसतो."

"हौशी? पाय लहानपणापासून अधू. 1870ला पॅरिसला प्रशियनांचा वेढा, तर हा बलूनमध्ये बसून निसटला. कशाला, तर अल्जीरियात ग्रहण बघायला!"

"दिसलं?"

"कसलं! ढग."

"अरेरे! मेल्या ढगांना तरी कळायला हवं होतं."

"पुढल्या वर्षी पुन्हा इकडे, निलगिरीत. तिथे मात्र आभाळ मोकळं मिळालं. आणि सत्तरीला टेकल्यावर मोंब्लां पर्वताच्या माथ्यावर वेधशाळा! 4,800 मीटर उंच, बर्फात. स्वतःला घसरगाडीवरून ओढवून घेत वर गेला. सूर्याच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या रेघा दिसायच्या, त्या सूर्याच्या की आपल्या हवेच्या, एवढंच ठरवायला."

"मग?"

"आपल्या हवेच्याच. जसजसं वर जावं, तसतशा फिक्या. अहो, भात लागला वाटतं तुमचा! जाता जाता एवढं करा, तुमचे हे कार्यक्रमाच्या मंडळींत असतात ना? यंदा 18 ऑगस्टला जान्सेनचं नाव घ्या म्हणावं, आणि गुंटूरचंही."