मिटल्या छत्रीचा नातलग

गाजराच्या कुळाचा रुबाब मोठा. जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, कोथिंबीर सगळी याच घराण्यातली. हिंगसुद्धा याच कुळातल्या झाडाचा चीक. म्हणजे आपली फोडणी हा जवळजवळ एक कौटुंबिक मेळावाच. झिरमिळ्यांची पानं, बोटांवर रेंगाळणारा वास आणि फुलताना उघडणारी पांढरी-पिवळी छत्री, ही या घरची ओळख. अशा घरात कारिवणा जन्माला आला! पान अखंड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, वास जेमतेम, आणि छत्री म्हणाल तर पानांआड लपलेली, तीन-चार गुलाबीसर फुलांची, मुंगीलाही पावसात अपुरी पडावी अशी.

पण ओल त्याला कळते. विहिरीचा काठ, पाटाची कड, जिथे पाणी झिरपतं आणि दुरुस्तीचं कुणाच्या मनात येत नाही, अशा जागी तो निवांत पसरतो. लावायला कसब लागत नाही. मुळं फुटलेलं एक पेर चिखलात टेकवावं, थोडी सावली द्यावी आणि गळक्या नळाबद्दल घरात निघणारा विषय हळूच बदलावा. मग लालसर धावतं खोड पेरापेराला मूळ धरत असं सरकतं, की वाफा कधी त्याचा झाला ते कळतच नाही.

अवघड आहे ते त्याला ओळखणं. रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की कधी हा हाती येतो, कधी जाड, चिमुकल्या पानांची नीरब्राह्मी, जिचं या कुळाशी काही नातं नाही. चरकाने मेध्य रसायनांत मंडूकपर्णी सांगितली. ती म्हणजे हाच, असं बहुतेक वैद्य मानतात. बुद्धी वाढवणाऱ्या झाडापाशीच बुद्धीने असं अडखळावं, यात त्याचाही थोडा खट्याळपणा असावा. आणखी एक गल्लत हौदातल्या शोभेच्या पेनीवर्टशी. तिथे मात्र आपली सोबत थोरांची आहे. खुद्द लिनियसने १७५३ मध्ये कारिवण्याला पेनीवर्टच्याच प्रजातीत बसवलं होतं. उर्बान या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये त्याला सेंटेला प्रजातीत आणलं. तोवर सव्वाशे वर्षं तो शास्त्राच्या वहीत परक्या आडनावाने नांदला आणि चिखलात आपली मुळं धरत राहिला.

तेव्हा रोप घेताना पान उलटून पाहा. देठ काठावरच्या खाचेत जोडलेला असेल तर कारिवणा, पानाच्या मधोमध असेल तर शोभेची पेनीवर्ट. आणि गटाराकाठी तो कितीही टवटवीत दिसला तरी तोंडात घालू नका. खायचा तर घरचाच, स्वच्छ धुऊन.