बाळ एक, केक बारा

शिरूरमध्ये एका घरी बाळ सहा महिन्यांचं झालं आणि सातवा केक कापला गेला. सातवा कुठून आला? बारशाचा जास्तीचा! बाळाच्या तोंडात दात नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, हे आशाताई घरोघर सांगून दमल्या. मग एवढे केक खाल्ले कोणी? आत्याने. आत्या सगळ्या फोटोंत आहे, तोंड पुसताना.

महिन्याच्या महिन्याला वाढदिवस, अहो! पूर्वी वर्षातून एकदा ओवाळलं, शिरा केला, की झालं. आता दीड महिन्याचं इंजेक्शन, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं, ही सगळी सांभाळून मधे केक बसवायचा. परवा एका घरी तो नेमका इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी आला. मांडी सुजलेली, अंगात कणकण, आणि डोक्याला फुलांचा पट्टा. लेकरू भोकाड पसरतंय आणि फोटोग्राफर म्हणतोय, "वहिनी, जरा हसवा ना त्याला."

शिरूरला निघालेली टूम न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचायला आठवडा लागत नाही. मला पक्कं ठाऊक, कारण माझी नणंद दौंडला दिली आहे आणि आमचा रोज रात्री फोन असतो. इकडे थीम आली की तिकडे आलीच. थीम म्हणजे काय? तर बाळाला जे कळत नाही ते पाहुण्यांना दिसेल एवढं मोठं करून मांडायचं.

आमच्याकडे सध्या जंगल थीम जोरात आहे. आता शिरूर तालुक्यात जंगल विकत आणायचं म्हणजे कमाल झाली. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, सगळा उसाचा पट्टा. बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो, आणि तोड सुरू झाली की पिलांसकट बाहेर पडतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडू नका, असं वनखातं सारखं बजावतं. उगाच नाही बजावत. या भागात बिबट्याने लेकरं नेली आहेत. तरी एका वस्तीवर पहिल्या वाढदिवसाला डेकोरेशनवाल्याने काय करावं? मांडवाच्या तोंडाशी सिंह, हत्ती, जिराफ, आणि गोठ्याच्या बाजूला, अर्धवट उजेडात, ठिपक्याठिपक्यांचा थर्माकोलचा बिबट्या. आजी धार काढून येत होत्या. चरवी तिथेच टाकून अशा ओरडल्या, की चार वस्त्यांवरून माणसं बॅटऱ्या घेऊन पळत आली. ती आली ती जेवूनच गेली, हा भाग वेगळा.

पण आजींचा आवाज बसला तरी आजी बसल्या नाहीत. "सिंह राहू दे, हत्ती राहू दे. हा आधी उचल."

"आजी, पॅकेजमधे आहे तो."

"पॅकेज तुझ्या घरी ने."

शेवटी बिबट्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पालथा घातला आणि वर ताडपत्री टाकली. आम्ही सगळ्या हसलो. आजी नाही हसल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

दौंडचं ऐका. दौंड म्हणजे जंक्शन. पुण्याची, सोलापूरची, मनमाडची, बारामतीची, सगळी गाडी तिथून. ज्या गावात पोरगं झोपतंच गाडीच्या आवाजावर, तिथे रेल्वे थीम! स्टेजवर थर्माकोलचं इंजिन, मागे डबे, डब्यांच्या खिडक्यांत बाळाचे बारा महिन्यांचे बारा फोटो. सगळ्यांनी वाहवा केली. फक्त आजोबा गप्प. हयात रेल्वेत गेलेला माणूस. केक कापायच्या ऐन वेळी म्हणाले, "गार्डाचा डबा इंजिनाला लागून लावलाय. अशी गाडी मी सोडणार नाही." लोकांना वाटलं, गंमत करताहेत. नणंद सांगते, डबा उचलून शेवटी लावीपर्यंत सुरी कोणाच्या हातात दिली नाही त्यांनी. कार्यक्रम चाळीस मिनिटं लेट.

आणि फ्लेक्स! एक वर्षाच्या बाळाला "छोटे सरकार" म्हणा, "आमचं काळीज" म्हणा, माझी हरकत नाही. पण खाली "शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार" असतं. एक वर्षाच्या बाळाचा मित्रपरिवार कुठला हो? त्या परिवारातले वीस जण गॉगल लावून उभे. परवानगीशिवाय असे फलक लावायचे नाहीत असा कायदा 1995 पासून आहे. तो फ्लेक्सच्या मागे असावा, म्हणून दिसत नाही. एका फ्लेक्सवर मी आई शोधत होते. काका होते, काकांचे नेते होते, नेत्यांचे नेते होते. आई नव्हती. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा सरकारने नियम केला. चौकातल्या फ्लेक्सपर्यंत तो यायचाय. नऊ महिने जिने वागवलं तिला जागा नाही, आणि ज्याने बाळ अजून पाहिलंही नाही तो हात जोडून उभा!

पण खरी फजिती दुसऱ्या लेकराच्या वेळी. पहिल्याला हौस असते, दुसऱ्याला हिशेब. मोठीचं एवढं केलं आणि धाकट्याचं कमी केलं, तर तो उद्या अल्बम काढून विचारणार. जास्त केलं तर गाव म्हणणार, मुलगा झाला म्हणून केलं. आमच्या ओळखीच्या एकांनी मोठीच्या वेळचं डेकोरेशनचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. फुगेसुद्धा त्यावरून मोजून लावले.

त्यांच्याच घरचं जावळ. बोकडाचं जेवण, मामाने आणलेला पोशाख, धाकटा मामाच्या मांडीवर, वर ड्रोन. सलूनवाल्या काकांनी पहिली बट कापली, आत्याने झेलली, आणि ड्रोनवाला ओरडला, "थांबा, आलं नाही!" आता कापलेली बट परत कशी लावणार? मग दुसरी बट पहिली म्हणून कापली. ड्रोनच्या वाऱ्याने ती उडाली ती रश्श्याच्या पातेल्याकडे. ज्यांनी पाहिलं त्यांनी भाकरी लोणच्याशी खाल्ली.

इतका वेळ मोठी चार वर्षांची पोर फ्रॉक घालून कोपऱ्यात उभी. तिला दोन तास कोणी पाणी विचारलं नव्हतं. धाकट्याला उचलल्याबरोबर ही जाऊन मामाच्या मांडीवर बसली. "माझं पण जावळ करा." समजावलं, चॉकलेट दिलं, आई रागावली. ढिम्म. शेवटी काकांनी तिच्या कपाळावरची झुलपं तेवढी सरळ केली, तीही तिने आत्याला ओंजळीत झेलायला लावली. त्या दिवसाचा धड आलेला फोटो तोच. काढला कोणी, तर मामाच्या पोराने, मोबाईलवर.

आता बोरन्हाणाला ते दोघे कृष्ण आणि राधा होणार आहेत. अंगणापुढे कारखान्याला जायचा ऊस उभा आहे आणि लुटायला चॉकलेटं येणार आहेत पुण्याहून.

आणि कालची ताजी बातमी : जूनमधे धाकटा अंगणवाडीत जायचाय. जिल्हा परिषदेच्या शाळा पहिलीतल्या पोरांना बैलगाडीतून मिरवत नेतात, मग आमच्याने काय घोडं मारलंय, असं त्यांच्या घरी ठरलं. ढोल-ताशा सांगून झाला, घोडाही ठरला. अंगणवाडीच्या ताईंना तेवढं कळवायचं राहिलंय.