मनाची कैफियत

ज्या गावात 1608 साली जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसरांनी पुढे समर्थ रामदास होऊन मनाला 205 श्लोकांतून समजावले, चुचकारले आणि प्रसंगी खडसावलेही, त्या जांब समर्थच्या रहिवाशाने आपले मन दाखवण्यासाठी जालन्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे वेळ मागावी, हे गोदाकाठच्या इसमाने स्नानासाठी टँकर मागवण्यासारखे आहे, असे आमच्या मंडळींचे मत पडले. ते खोडून काढण्याइतके मनःस्वास्थ्य माझ्यापाशी असते, तर वेळ मागण्याचे प्रयोजनच उरले नसते.

वस्तुतः आख्यायिका मलाच अनुकूल आहे. बाळ नारायण अडगळीच्या अंधारात दडून बसला असता मातोश्री राणूबाईंनी कारण विचारले, तेव्हा आपण विश्वाची चिंता वाहत आहोत, असे त्याने सांगितले म्हणतात. माझ्या चिंतेचा परीघ मोसंबीची फळगळ, पीककर्जाचे नवे-जुने आणि पुण्यात शिकणाऱ्या चिरंजीवांनी न उचललेला फोन एवढाच असला, तरी अंधारात डोळे उघडे ठेवून बसण्याची रीत मी यथासांग पाळतो.

हयात तहसील कचेरीचे उंबरठे झिजवण्यात गेल्यामुळे, कागदावाचून कोणी आपले ऐकून घेईल यावर माझा विश्वास उरलेला नाही. सबब आधार कार्डाची छायांकित प्रत, रक्तातील साखरेचा अहवाल आणि मनाच्या तक्रारींची कलमवार कैफियत अशी फाईल मी सिद्ध केली. कलम पहिले, झोप लागत नाही. कलम दुसरे, लागल्यास मोडेल अशी धास्ती वाटते. कलम तिसरे, विनाकारण रडू येते. हे मात्र खोडून मी 'डोळ्यांतून पाणी येते' असे लिहिले, म्हणजे कागद भलत्याच्या हाती पडला तरी नेत्रविकारात खपून जावा.

गोपनीयतेची चिंता अनाठायी नव्हती. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम रुग्णाला गुप्ततेची हमी देतो खरा, परंतु तिचा अंमल कुंभार पिंपळगावहून एस.टी.त चढणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांवर चालत नाही. त्यांच्यासाठी दाढदुखीची सबब मुक्रर केली आणि ती पक्की व्हावी म्हणून आदल्या दिवसापासून गाल धरून हिंडलो. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारने 14416 या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मोफत सेवा सुरू केली आहे आणि तीवर मराठीतही बोलता येते. पण आमच्या घरी रेंज फक्त माळवदावर मिळते, आणि माळवदावरून सांगितलेले दुःख अख्ख्या आळीचे होते.

शेवटी रंगीत तालीम. आरशासमोर बसून, डॉक्टरांच्या सुरात, "कसं वाटतंय?" असे मी स्वतःस विचारले, आणि पाव्हण्याला द्यावे तसे "बरं चाललंय" हे उत्तर तोंडातून आपोआप निसटले. पुनःपुन्हा विचारूनही जबानी बदलेना. तेव्हा उमगले, की या मनाला उपदेशाची सवय आहे, चौकशीची नाही. समर्थांचे श्लोक, वडिलांचे बोल, सासऱ्यांची पत्रे, बँकेच्या नोटिसा या सर्वांनी त्याने कसे वागावे हे परोपरीने सांगितले. त्याचे म्हणणे काय, याची तारीख मात्र आजवर कोणी लावली नव्हती. प्रथमच पुकारा झालेला हा फिर्यादी भांबावला असल्यास नवल ते काय?

हा शोध मोठ्या उत्साहाने मंडळींच्या कानी घातला. त्यांनी चष्मा चढवून कैफियत अथपासून इतिपर्यंत वाचली.

"अहो, यात माझं नाव कुठंच नाही?"

"तुमच्याविषयी तक्रारच नाही," मी तत्परतेने म्हणालो.

"तुम्हाला नसेल." एवढे बोलून त्यांनी फाईल मिटली, डॉक्टर सोबतच्या माणसाचेही ऐकून घेतात काय याची विचारणा केली, पिशवीत मोसंब्या भरता भरता माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले, आणि पुरवण्या हाताशी ठेवा, असेही बजावले.