खांब त्यांचा, बल्ब यांचा, काळोख आमचा

मुंबई-गोवा महामार्गावर इन्सुलीच्या तपासणी नाक्यापाशी उजेडाची काही ददात नाही. गोव्याहून निघालेली बाटली कुठल्याही पोत्याखाली दडवा, रात्री दोन वाजता ती त्या लख्ख उजेडात सापडते आणि मुद्देमालासकट पेपरात छापून येते. तिथून आत वाडीकडे वळलं की मात्र चालणाऱ्याला स्वतःचा पाय सापडत नाही. पायाखाली फुरसं आलंच, तर ते कुणाच्या अखत्यारीत येतं याचा खुलासा अजून झालेला नाही. ही तक्रार समजू नये. बाटलीमागे शासनाला महसूल आहे. माझ्यामागे आहे तो फक्त दिवाबत्ती कर.

हा कर मी ज्या ग्रामपंचायतीला भरतो, तिचं नाव सांगत नाही. इन्सुलीच्या पंचक्रोशीतली आहे, एवढं पुरे. वाचणारा तसाही आपल्याच ग्रामपंचायतीचं नाव घालून वाचणार. गावात दिवाबत्ती करणं हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीच्या कामांच्या यादीत घातलेलं आहे, आणि घरपट्टीच्या पावतीवर त्याचा वेगळा रकाना आहे. तो रकाना कधी रिकामा राहिल्याचं मला आठवत नाही. यादीतली बाकी कामं मागेपुढे होतात, रकाना वेळेवर भरला जातो.

घरासमोर खांब आहे. सिमेंटचा, चिऱ्याच्या गडग्याकडे किंचित झुकलेला. पोटावर लाल रंगात नंबर, नंबरावर मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचा अर्धा चेहरा, आणि वर दिव्याची पत्र्याची टोपी. तिच्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. तिला घरपट्टी नाही. हा दिवा गणपतीच्या सुमारास गेला. वळणावरचा दुसरा दिवा मात्र चालू आहे. तो दिवसाही चालू असतो, कारण संध्याकाळी लावायला आणि सकाळी मालवायला जो माणूस लागतो, तो नाही. सरासरी काढली तर दोन्ही दिवे नियमात बसतात.

चौकशी केली तेव्हा मालकीची फोड कळली. खांब आणि तार वीज कंपनीची. टोपी, बल्ब आणि होल्डर ग्रामपंचायतीचा. बिलाचं म्हणाल तर पूर्वी रस्त्यावरच्या दिव्यांचा भार शासन उचलायचं. २०२१ साली ग्रामपंचायतींना सांगण्यात आलं की हे बिल आता पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून तुम्हीच भरा. त्या वर्षी राज्यभर थकबाकीपायी गावंच्या गावं अंधारात गेली आणि सरपंच मंडळी रस्त्यावर उतरली. रस्त्यावर दिवे नव्हतेच, त्यामुळे उतरायला सोयीचं पडलं असावं. तर खांब एकाचा, बल्ब दुसऱ्याचा, पैसा दिल्लीचा. बटण कुणाचं, याला उत्तर मिळालं नाही. कंपनीचा माणूस पंचायतीकडे बोट दाखवतो, पंचायतीचा शिपाई कंपनीकडे. दोन्ही बोटं माझ्या घरासमोर येऊन भेटतात.

या वाटणीला मोठी परंपरा आहे. पूर्वी एकच वीज मंडळ होतं आणि लाईट गेली की एकालाच शिव्या घालून माणूस मोकळा व्हायचा. २००३ चा वीज कायदा आला, ६ जून २००५ रोजी मंडळाची विभागणी झाली. वीज करायची महानिर्मितीने, वाहून न्यायची महापारेषणने, घरोघर पोचवायची महावितरणने. ही व्यवस्था वरच्या पातळीवर उत्तम चालते, हे मान्य केलं पाहिजे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाच्या ग्रिडला मिळाला. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळा देश एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतो. गोव्यात म्हणावं असं वीजकेंद्र नाही, पण कोल्हापूरकडून फोंड्याला २२० केव्हीच्या तारा गेल्या आहेत, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपलीकडे लाईट असते. एवढ्या राज्यांचं एकमत झालं. माझ्या घरासमोरचा खांब आणि वळणावरचा खांब यांचं अजून जमलेलं नाही.

बटण दाबणाऱ्या माणसाचा शोध घेत ग्रामपंचायतीत गेलं की दुसरी वाटणी भेटते. ग्रामसेवक साहेबांकडे दोन गावं. एका गावाला ते कायमचे आणि दुसऱ्याला अतिरिक्त कार्यभाराचे, आम्ही अतिरिक्त. २०२४ साली शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे एकच पद केलं. दोन पदांची एक झाली, पण एका माणसाचे दोन झाले नाहीत. लिपिकाची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर नमुन्यांची रजिस्टरं ठेवलेली असतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात १ ते ३३ नमुने असतात आणि ते लिहायला माणूस लागतो, हे रजिस्टरांनीही आता मनावर घेणं सोडलंय.

लिपिक का नेमत नाही, असं विचारू नये. मी विचारलं आणि माहितीत भर पडली. पंचायतीला आपल्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून जास्त पैसा कर्मचाऱ्यांवर खर्च करता येत नाही. उत्पन्न वाढवायचं तर करवसुली वाढवली पाहिजे. किमान वेतनात शासन वाटा देतं, पण त्याचीही सांगड वसुलीशी घातलेली. वसुलीसाठी दारोदार फिरायला माणूस हवा. माणूस नाही म्हणून वसुली नाही, वसुली नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून माणूस नाही. यात कुणाचीही चूक नाही. नियम इतके नीट जुळवलेत की मध्ये माणूस घालायला फटच उरलेली नाही.

मला एक साधा दाखला हवा होता. दाखल्यासाठी साहेबांची सही लागते, कॉम्प्युटरवाला मुलगा लागतो, लाईट लागते आणि सर्व्हर लागतो. २०११ च्या ‘संग्राम’ योजनेत पंचायतीपंचायतीत कॉम्प्युटर आले, पुढे त्याचं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. मुलगा कंत्राटी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा फलक भिंतीवर आहे. कुठला दाखला किती दिवसांत, सगळं लिहिलंय. फलकाखाली शिपाई बसला होता.

“साहेब असत?”

“आज थय असत, दुसऱ्या गावाक. परवा हय येतले.”

“आणि कॉम्प्युटर?”

“लाईट खंय असा, अण्णानू?”

“परवा लाईट असतली?”

“ता वायरमनाक विचारा.”

परवा गेलो. साहेब होते, लाईट नव्हती. नंतर एकदा लाईट होती, मुलगा होता, साहेब पंचायत समितीत मिटिंगला. एकदा तिघंही हजर होते, सर्व्हर नव्हता. हे चारी ग्रह एका घरात येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, आणि त्या योगालाही पंचांगात तारीख असते. पंचायतीच्या फळ्यावर तारीख नसते, ‘पुढील सूचनेपर्यंत’ असतं.

वायरमनला मात्र मी काही बोलत नाही. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन धडकला. फांद्या छाटून व्हायच्या आत काजू, फणस आणि माडाची चुडतं तारांवर आडवी. कागदावर वायरमनला आता ‘जनमित्र’ म्हणतात. हा जनमित्र डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, भर पावसात लाकडी शिडी माझ्या गडग्याला लावून वर चढला. डीओ फ्यूज उडाला होता, तारेचा जंपर तुटला होता. दोन्ही करून खाली आला तेव्हा खिशातला फोन वाजतच होता. पलीकडच्या वाडीत दुसरा फेज गेला होता. चहा ठेवला तो तसाच राहिला. या सगळ्या तीन कंपन्या, एक आयोग आणि एका पंचायतीत शिडीवर चढणारा तो एकटा. त्यालाच जरा रस्त्यावरच्या दिव्याचं बघ म्हणालो. म्हणाला, “तो आमचो नाय. पंचायतीचो.” पावसात भिजलेल्या माणसाशी मालकीहक्कावर वाद घालू नये.

शासनाला हे कळत नाही असं मुळीच नाही. २०१६ साली ऊर्जा खात्याने एक निर्णय घेतला, जो मला अजूनही आवडतो. तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात पंचायतीने एक ‘ग्राम विद्युत व्यवस्थापक’ नेमायचा. आयटीआय झालेला, गावातलाच. त्याने मीटरचं रीडिंग घ्यायचं, बिलं वाटायची, फ्यूज टाकायचा, रस्त्यावरचे दिवे बघायचे. म्हणजे वायरमन आणि लिपिक एकाच चपलेत. मोबदला, ग्राहकामागे महिन्याला ९ रुपये, निदान ३,००० तरी. नऊ रुपयांत आमच्या नाक्यावर साधी भजी मिळत नाहीत, पण कल्पना नेमकी होती: खांब, बल्ब आणि बटण यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक माणूस उभा करायचा. तो माझ्या खांबापर्यंत आला नाही. आमच्या वाडीतला आयटीआय झालेला मुलगा गोव्यात कंपनीत जातो. सकाळच्या गाडीने जातो, रात्री परत येतो, आणि महामार्गापासून घरापर्यंत मोबाईलची बॅटरी लावून चालतो.

शेवटी ग्रामसभेत विषय मांडला. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, एवढा कोरम लागतो. पहिल्या सभेला कोरम नव्हता, म्हणून ती तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे ती दणक्यात पार पडली. मी सांगितलं: दिवा लावा, नाहीतर पावतीवरचा दिवाबत्तीचा रकाना खोडा. रकाना छापील आहे, खोडता येत नाही, असं कळलं. मग लिपिक नेमा, म्हणालो. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मी सूचक, बाजूचे आबा अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

पुढे काही दिवसांनी लेखी उत्तरही आलं. ‘आपला विषय पुढील कार्यवाहीस्तव संबंधित पटलाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ पटल कुणाचं म्हणून विचारायला गेलो. लिपिकाचं, शिपाई म्हणाला. आणि लिपिक नेमायचा ठराव? त्याने खुर्चीवरची रजिस्टरं उचलून खाली बघितलं. तोही त्याच पटलावर होता.